बारा वाजायच्या आत

"कट" ऐकू आल्यावरही बाबा समोरच्या ताटाकडेच बघत बसले होते.

"मोठेबाबा, झालं. आता हललात तरी चालेल," प्रणाली कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"हलू कसा? सकाळपासून हे भजे माह्याकडे पाहून रायले. आता उठलो तं त्याइले वाईट वाटन."

त्यांचं डोकं तुळतुळीत होतं. मातकट तांबड्या रंगात बुडवलेली दोन धोतरं त्यांनी चिवरासारखी अंगाभोवती गुंडाळली होती. खरं चीवर सिनेमासाठी वापरायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी प्रणालीला बजावलं होतं. आणि हे खोटं चीवर अंगावर असताना बिडी ओढायची नाही, हे स्वतःला. त्यामुळे मध्येच ते मांडवामागे जायचे, धोतरं सोडायचे, बनियन आणि अर्ध्या चड्डीत दोन झुरके मारायचे आणि परत येऊन भंते व्हायचे.

प्रणाली माझ्या काकांची मुलगी. नागपुरात लग्नांचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ करायची. हा तिचा पहिला सिनेमा होता, वीसेक मिनिटांचा, विनोदी, नाव 'दोन शब्द'. त्यात एक म्हातारे भंते भोजनदानासाठी एका गावी जातात. भिक्खूंनी दुपारी बाराच्या आत जेवायचं असतं. त्यानंतर दुसऱ्या दिवशीची सकाळ होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. यजमानांनी स्वयंपाक झकास केला आहे, पण जेवणाआधी कार्यक्रम आहे आणि कार्यक्रमात जो तो दोन शब्द बोलणार आहे. एक पाहुणे घाम येईपर्यंत बोलतात, मग कळतं की मोबाइलवरचं लाइव्ह सुरूच झालं नव्हतं, म्हणून ते पहिल्यापासून बोलतात. तरुण पोरं भंतेंसोबत सेल्फी काढायला रांग लावतात. 'वेळेअभावी थोडक्यात सांगतो' असं म्हणून एक जण थेट सम्राट अशोकापासून सुरुवात करतो. भंते मंद हसत राहतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून घड्याळ बघतात. ताट समोर येतं तेव्हा बारा वाजून गेलेले असतात.

गोष्ट बाबांची होती. प्रणाली त्यांच्याकडे आली नव्हती, तेच तिच्याकडे गेले होते. आयुष्यभर त्यांनी वैनगंगेच्या काठच्या गावांमधून टपाल वाटलं आणि हिवाळा आला की झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं केली. म्हातारा सासरा, बहिरा पाटील, गावठी डॉक्टर. फागोजी रंगारी स्टेजवर नुसता येऊन उभा राहिला तरी लोक हसायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर अंगातला नट पुन्हा जागा झाला, असंच मी धरून चालले होते. मी नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी डोकं भादरलं हे कळल्यावर मी रजा टाकून आले होते, मदतीला कमी आणि नजर ठेवायला जास्त.

विहाराच्या कमिटीनं शूटिंगला विहार दिला नव्हता. अध्यक्ष सुखदेवे गुरुजींनी बाबांना बोलावून विचारलं होतं, की ही भंतेंची टवाळी करायचं तुझ्या डोक्यात कोणी भरलं? बाबा म्हणाले होते, डोक्यात भरायला आता जागा कुठे आहे, केसपण राहिले नाहीत. मग धान निघालेल्या आमच्याच बांधीत मांडव टाकून काम झालं होतं. तो शेवटचा दिवस, शेवटचा शॉट.

बाबा मांडवाबाहेर आले आणि नेमकी तेव्हा शेताच्या धुऱ्यावरून बकाबाई चालली होती. शेजारच्या टोलीवरची म्हातारी, नजरेनं अधू. तिने डोक्यावरचा सरपणाचा भारा खाली ठेवला, पदर सावरला आणि गुडघे, हात, कपाळ जमिनीला टेकवून बाबांना वंदन केलं. करायचं असतं तसं, तीनदा. पहिल्या वंदनाला बाबा गोठले. दुसऱ्याला त्यांनी अंगावरची धोतरं ओढून काढली. तिसरं झालं तेव्हा तिच्यासमोर चड्डी-बनियनमधला माणूस उभा होता.

"माय, मी फागो होय. पोस्टमन फागो. तुह्या लेकाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होतो, तो."

बकाबाईने डोळे बारीक केले. "मंग डोस्कं काऊन काढलं?"

"सिनेमात आहो."

"अन् माहे नमस्कार?"

"हे घे वापस," म्हणून बाबा ओणवे झाले आणि त्यांनी तिला तीनदा वंदन केलं.

"शेवटच्या खेपेले कपाळ टेकलं नाई तुहं," ती म्हणाली.

बाबांनी ते पुन्हा टेकवलं. मग तिचा भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. प्रणाली हसता हसता खाली बसली होती आणि हे कॅमेऱ्यात घेतलं नाही म्हणून स्वतःला शिव्या देत होती.

नंतर बाबांनी शॉटमधलंच ताट जेवायला घेतलं. भात गार झाला होता, भजी मऊ पडली होती. मी घरून आणलेलं गरम जेवण त्यांनी कॅमेऱ्यावरच्या पोरांना दिलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि बरेच दिवस मनात असलेलं बोलले. गुरुजींनी हा विहार उभा केला, त्यासाठी स्वतःचं शेत विकलं. त्यांच्याशी या वयात वाकडेपणा कशाला घ्यायचा? तोही एका जेवणाच्या गमतीसाठी?

बाबांनी भजं अर्धं खाल्लं होतं, ते ताटात ठेवलं.

"जेवणाची गंमत वाटते तुले?" ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत हात धुवायला उठले.

दुपार कलायच्या आत बातमी विहारात पोचली होती, पण अर्धीच. फागोजीनं चीवर घालून एका आंधळ्या म्हातारीकडून वंदन घेतलं, एवढीच. कमिटीचा सचिव मोटरसायकलवर निरोप घेऊन आला: उद्या संध्याकाळी बैठक आहे, येऊन खुलासा करा.

"येतो म्हना गुरुजीले," बाबा म्हणाले. "दोन शब्द बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचं आधण ठेवलं, अंगणात दात घासायला गेले आणि नळाजवळच्या दगडावर बसले. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी उठून बाहेर गेले.

बाबांच्या अंत्ययात्रेला गाव लोटलं. डोक्यावर केस नसल्यामुळे चेहरा फार शांत दिसत होता. एक-दोघी बायका हळूच म्हणाल्या, की अगदी भंतेंसारखे दिसतात हो. ते ऐकून कमिटीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. गुरुजींनी खांदा दिला. पंचाहत्तरीच्या माणसानं रस्ताभर खांदा बदलला नाही, आणि ते रडत होते हे मी पाहिलं. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, गुरुजीही राहिले नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिताना ते रडणं आधी लिहायला हवं होतं.

बैठक झाली नाही. पण आरोप तसाच राहिला. उत्तर देणारा माणूस गेला म्हणून प्रश्न मिटला, असं आमच्याकडे होत नाही.

पुण्यानुमोदनाचं ठरवायला गुरुजी घरी आले. आमच्यात माणूस गेल्यावर हा कार्यक्रम करतात: भंतेंना बोलावून परित्राण पाठ, म्हणजे पाली सूत्रांचं पठण, मग भोजनदान, आणि त्याचं पुण्य गेलेल्याच्या नावे. गुरुजी बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं. जयंतीच्या दिवशी स्टुलावर उभं करून माझ्या तोंडासमोर पहिल्यांदा माइक धरला होता तो त्यांनीच. पुढे माझी प्रत्येक परीक्षा झाली की विहारात सत्कार व्हायचा. गुरुजी सांगतील त्याला मी 'हो गुरुजी' म्हणायची, आणि ते मला कधी जड गेलं नव्हतं.

कार्यक्रम विहारातच होईल, ते म्हणाले. फागोजी आपला माणूस होता. फक्त तू दोन शब्द बोल. बाबांच्या हातून शेवटच्या दिवसांत जे झालं त्याचा खेद वाटतो, आणि तो सिनेमा आता थांबवला आहे, असं सांग. म्हणजे विषय संपला.

मी म्हणाले, त्यात भंतेंची टवाळी नाही, गुरुजी. तुम्ही एकदा बघा तरी.

"बघायचं काय त्यात? भाषणं करणाऱ्यांना हसायचं आहे ना?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली उभा राहून बोलायचा, गौतमी. तेही विचारलं तर. मी पहिल्यांदा माइक हातात घेतला तेव्हा आई खाली बसून रडत होती. आम्ही तो माइक कमावला आहे. त्याची थट्टा फागोजीनं करावी?"

त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला आणि चहा न घेता गेले.

प्रणाली स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. "तू हो म्हणालीस?" तिनं विचारलं.

"मी काहीच म्हणाले नाही."

"तेच तर, ताई. तू कधीच काही म्हणत नाहीस. भल्या जाड पुस्तकांची पानं उलटतेस आणि इथे आलीस की चौथीतली मुलगी होतेस."

भंतेंना आमंत्रण द्यायला आम्ही दोघी गेलो. रेवत भंते विहारामागच्या एका खोलीत राहायचे. बालाघाटकडचे, सत्तरीचे, बोलायला कमी. त्यांच्या जेवणाची व्यवस्था अशी होती, की रोज एका घरून साडेदहाच्या सुमाराला डबा जायचा. पाळी ठरलेली असायची. मी वंदन करून भोजनदान स्वीकारण्याची विनंती केली. भंते गप्प राहिले. भिक्खू आमंत्रणाला तोंडानं हो म्हणत नाहीत, गप्प राहिले की स्वीकारलं. आम्ही उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "तो सिनेमा जवळ आहे का?"

प्रणालीच्या पाठपिशवीत लॅपटॉप होताच. काम अर्धवट होतं, आवाज नीट जोडायचा राहिला होता, तरी तिनं तो चौरंगावर ठेवून लावला. भंते मांडी घालून ताठ बसले, प्रवचनाला बसतात तसे. मी त्यांच्याकडेच बघत होते. पहिल्या पाहुण्याचं लाइव्ह सुरू झालं नव्हतं हे कळलं तेव्हा त्यांचे खांदे हलू लागले. सेल्फीच्या रांगेत एका पोरानं भंतेंच्या डोक्यामागे दोन बोटं धरली तेव्हा त्यांनी चिवराचं टोक तोंडावर धरलं. 'वेळेअभावी' ऐकून त्यांना ठसका लागला आणि प्रणालीनं पाणी दिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखे हसत होते, आवाज दाबून.

मग ताट आलं. बाबा ताटाकडे बघत होते. काही करत नव्हते. हातही हलवत नव्हते. आयुष्यभर लोकांना हसवलेला तो चेहरा नुसता बघत होता, आणि हळूहळू कळत होतं की या माणसाला भूक लागली आहे. त्यात विनोद नव्हता, दुःखाचा आवही नव्हता. मग त्यांनी हात जोडले, यजमानांना मंगल कामना दिली आणि रिकाम्या पोटी उठले.

भंतेंनी चष्मा काढून चौरंगावर ठेवला.

"मागच्या वैशाख पौर्णिमेला मी मंचावर पडलो होतो," ते म्हणाले. "आठवतं?"

मला आठवत होतं. सगळे ऊन लागलं म्हणाले होते. कोणी पंखा आणला, कोणी डोक्यावर पाणी मारलं. बाबा त्यांना रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले होते.

"ऊन नव्हतं ते. मला साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी घेतो, गोळीवर अन्न लागतं. कार्यक्रम असला की कोणाच्या घरून डबा येत नाही. सगळ्यांना वाटतं, तिथे जेवतीलच."

"मग तुम्ही कमिटीला सांगितलं का नाही?" प्रणालीनं विचारलं.

"भिक्खूनं मागायचं नसतं. आजारी असेल तर मुभा आहे. पण पन्नास वर्षं जे केलं नाही, ते जिभेला जमत नाही, बेटा. आणि लोक काय म्हणतील, भंतेंचं सगळं लक्ष ताटात."

"बाबांना सांगितलंत तुम्ही?" मी विचारलं.

"नाही. रिक्षात माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी माझ्या पोटाचा आवाज ऐकला असेल. दवाखान्यातून आल्यावर इथे बसले आणि म्हणाले, भंते, हे उन्हानं झालं नाही ना? मी गप्प राहिलो. त्यांना त्याचा अर्थ कळला. म्हणाले, तुमचं नाव येऊ न देता सांगतो. हसत हसत सांगतो, म्हणजे कोणाला लागणार नाही."

प्रणालीने लॅपटॉप मिटला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी बाबांच्या घरी त्यांच्यासमोर बसून जेवले होते, मलाही माहीत नव्हतं.

भंतेंनी माझ्याकडे पाहिलं. "फागोजींचं नाव साफ करायला माझं नाव घ्यावं लागलं तर घे. मी नाही म्हणणार नाही."

"आणि नंतर?"

"नंतर मी दुसरा विहार बघेन. गुरुजी वाईट माणूस नाहीत. त्यांना लाज वाटेल. आणि आपल्यामुळे लाजलेल्या माणसांच्या गावात भिक्खूनं राहू नये."

परतताना प्रणाली तावातावानं बोलत होती. सांगून टाक, ताई. माइक हातात आला की सगळ्यांसमोर सांगून टाक. मोठेबाबांवर चिखल उडवलाय त्यांनी. मी म्हणाले, बाबांनी गुरुजींची बोलणी खाल्ली पण नाव घेतलं नाही. त्यांनी जे झाकलं ते मी उघडं करू का? ती म्हणाली, मग काय खेद व्यक्त करणार? मी म्हणाले, नाही. तेही नाही. मग काय, तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की बाबांच्या नावानं 'खेद' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी थंडी चांगली होती. सभामंडप पांढऱ्या कपड्यांनी भरला. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या, शेजारी बाबांचा टपाल खात्यातला फोटो, भरपूर केसांचा. भंते वेळेवर आले. वंदना झाली, परित्राण पाठ झाला, भंते पुण्यदानाच्या गाथा म्हणत असताना मी तांब्यातलं पाणी हळूहळू भांड्यात ओतलं. सगळं नीट, शांत झालं. आमच्या घरून आलेली जेवणाची भांडी मागच्या भिंतीशी झाकून ठेवली होती. अजून भरपूर वेळ होता.

मग दोन शब्द सुरू झाले.

पोस्टातले एक जुने साहेब बोलले. नाटक कंपनीचे मालक बोलले, त्यांनी बाबांच्या तीन भूमिका करूनही दाखवल्या. माजी सरपंच बोलले, ते बाबांना फारसे ओळखत नव्हते, म्हणून समाजाच्या स्थितीवर बोलले. विहारातलं घड्याळ मंचाच्या मागच्या भिंतीवर आहे. बोलणाऱ्याची त्याच्याकडे पाठ असते आणि ऐकणाऱ्यांना ते समोर दिसतं. शेवटी गुरुजी उभे राहिले तेव्हा काटा साडेअकराच्या पुढे गेला होता.

गुरुजी सुंदर बोलायचे. बाबा पुरात होडीतून टपाल घेऊन गेले होते, ती आठवण त्यांनी अशी सांगितली की बायकांनी डोळे पुसले. माझेही भरून आले. मग ते म्हणाले, की एवढ्या चांगल्या माणसाच्या हातून शेवटी एक चूक झाली. धम्माच्या गोष्टी हसण्यावारी नेण्याची चूक. त्यांची मुलगी सुशिक्षित आहे, समंजस आहे. ती आता तुमच्यासमोर खेद व्यक्त करणार आहे. पण त्याआधी या विहाराचा थोडा इतिहास नव्या पिढीला सांगणं मी आवश्यक समजतो.

आणि त्यांनी पहिल्या विटेपासून सुरुवात केली.

मी भंतेंकडे बघितलं. थंडी असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता. उजव्या हाताची बोटं चिवराच्या काठावर थरथरत होती, आणि ती दिसू नयेत म्हणून त्यांनी त्यांच्यावर डावा हात ठेवला. चेहऱ्यावर तेच मंद हसू होतं. मी मंडपाकडे बघितलं. सगळे घड्याळाकडे बघत होते, बाराला दहाच मिनिटं उरली होती. सचिव बघत होते, माजी सरपंच बघत होते, मागे भांड्यांजवळच्या बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या. प्रत्येकाला दिसत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्या कोणीतरी उठायची वाट बघत होता. मी स्वतःला आठवून बघितलं. माझ्या प्रत्येक सत्काराला मीही अशीच बसले होते, गळ्यात हार घालून, घड्याळाकडे बघत. मनात म्हणायचीही, की आता थांबावं यांनी. मनातच.

प्रणालीनं माझ्या हाताला धरलं. मी तो सोडवला आणि मागे गेले. ताट वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी, पुऱ्या, वाटीत खीर. वाढायला वेळ लावला नाही. भिक्खूला अन्न हातानं द्यावं लागतं, समोर नुसतं ठेवून चालत नाही. म्हणून दोन्ही हातांत ताट धरून मी मधल्या वाटेनं मंचाकडे निघाले. लोक वळून बघू लागले. कोणीतरी, अजून घोषणा झाली नाही, असं पुटपुटलं. गुरुजी विहाराच्या पायाभरणीपर्यंत आले होते. मला येताना पाहून ते थांबले. मी खेद व्यक्त करायला आले, असं त्यांना वाटलं. ताटाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"ये, बेटा," ते म्हणाले. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. ते पाहून त्यांनी माइक स्वतःच माझ्या तोंडासमोर धरला.

त्यांचा हात म्हातारा झाला होता. कर्ण्यातून माझा श्वास सगळ्यांना ऐकू गेला.

"गुरुजी, तुम्ही बसा आता," मी म्हणाले. "भंते उपाशी आहेत."